स्कॅनर-कॉपियरच्या यांत्रिक रचनेचे पेटंट: परीक्षणात टिकेल असा अर्ज कसा तयार करावा

पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरात किंवा अप्पा बळवंत चौकात दिवसभर चालणाऱ्या झेरॉक्स यंत्रांपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर यंत्र बहुधा कागदापाशीच अडते हे ध्यानात येते. खटल्याच्या एकाच गठ्ठ्यात जाड लेजर पेपर, पातळ पडलेली जुनी नक्कल आणि डिंकाने चिकटवलेला फोटो असे सारे एकत्र येते. पावसाळ्यात कागद दमट होऊन पाने एकमेकांना धरून बसतात. आणि फीडर, म्हणजे पाने एकेक करून आत नेणारा भाग, एकतर दोन पाने एकदम ओढतो किंवा पान मध्येच अडकवतो. अशा अडचणींवरचे तोडगे भोसरी, चाकण, नऱ्हे येथील लहान कारखान्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत निघू शकतात. तोडगा चालला म्हणजे त्याला पेटंट मिळेलच असे मात्र नाही. यांत्रिक रचनांचे अर्ज परीक्षणात अडकण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण असे, की सुटे भाग सविस्तर लिहिलेले असतात, पण ते एकमेकांवर अवलंबून कसे चालतात आणि त्यातून कोणती अडचण कशी सुटते हे दाखल केलेल्या कागदांत सापडत नाही, आणि एकदा पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे सविस्तर लेखी वर्णन, दाखल झाले की ते मागाहून घालता येत नाही. म्हणून पेटंट कार्यालयातील परीक्षकाचा अहवाल काय विचारणार हे आधी समजून घेऊन त्या दृष्टीने अर्ज बांधावा.

पेटंट की डिझाइन

‘यांत्रिक डिझाइन’ असा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो, त्यामुळे अर्जदार चुकीच्या कायद्याकडे वळण्याचा संभव असतो. डिझाइन कायदा, २००० हा वस्तूच्या डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला, ठेवणीला आणि नक्षीला संरक्षण देतो; बांधणीचे तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक साधन त्याच्या व्याख्येतूनच वगळलेले आहे. कॉपियरच्या कवचाचा किंवा ट्रेचा देखणा आकार तेथे नोंदवावा. हे संरक्षण १० वर्षांचे असते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते. झाकणाची बिजागरी कोणत्याही कोनात स्थिर कशी राहते, पान गठ्ठ्यातून वेगळे कसे होते, अडकलेला कागद काढण्यासाठी संच कसा उघडतो, हे सारे पेटंट कायदा, १९७० च्या कक्षेत येते आणि त्याची मुदत २० वर्षांची असते. एकाच यंत्रासाठी दोन्ही अर्ज करता येतात, पण दोन्हींच्या बाबतीत नियम एकच: दाखल करण्यापूर्वी वस्तू लोकांसमोर आणू नये.

हा नियम पुण्यातील उद्योजकांनी विशेष जपावा, कारण चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधील किंवा मोशीतील प्रदर्शनात नमुना मांडण्याचा मोह मोठा असतो. पेटंट कायद्याचे कलम ३१ प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत देते, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच आहे. एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात नमुना चाचणीसाठी ठेवायचा असेल, तर दुकानदाराकडून गोपनीयतेचा लेखी करार आधी करून घ्यावा. चाचणीसाठीच्या सार्वजनिक वापराला कलम ३२ खाली सवलत आहे खरी, परंतु तिच्या अटी अरुंद आहेत आणि आपण त्यांत बसतो हे सिद्ध करण्याची वेळ न आलेलीच बरी.

आधीच्या पेटंटांचा शोध घेताना

हे क्षेत्र जुने आणि दाट आहे. झेरॉक्स पद्धतीचे जनक चेस्टर कार्लसन स्वतः एका विद्युत उपकरणांच्या कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होते आणि स्पेसिफिकेशनच्या नकला मिळवण्याचा त्रास त्यांना रोज होता. त्यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात पहिली झेरोग्राफिक प्रतिमा उमटवली आणि त्यांचे २२,९७,६९१ क्रमांकाचे अमेरिकन पेटंट ६ ऑक्टोबर १९४२ रोजी मंजूर झाले. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हा कॉपियर आल्यानंतर कागद हाताळणीच्या यांत्रिकीवर जगभर, विशेषतः जपानमध्ये, प्रचंड प्रमाणात अर्ज होत आले आहेत. आपल्या युक्तीच्या जवळ जाणारे काहीतरी आधी प्रसिद्ध झालेले असणार, असे गृहीत धरूनच शोधाला बसावे.

केवळ शब्दांनी शोध घेऊ नये. पेटंटांना विषयवार संकेतांक देणाऱ्या वर्गीकरणाचा आधार घ्यावा. पान गठ्ठ्यातून रोलरने वेगळे करण्याच्या रचना बी६५एच ३/०६ मध्ये, घर्षणाने खालचे पान रोखणाऱ्या रचना बी६५एच ३/५२ मध्ये, दोन पाने एकदम आल्याची ओळख बी६५एच ७/१२ मध्ये, कॉपियरमध्ये मूळ कागद हाताळण्याची व्यवस्था जी०३जी १५/६० मध्ये आणि स्कॅनरची सर्वसाधारण रचना एच०४एन १/०० मध्ये मिळते. झाकणाच्या बिजागरीसाठी या सर्वांच्या बाहेर, ई०५डी या वर्गातही पाहावे लागते, कारण तीच बिजागरी कपाटाच्या दारात आधी वापरली गेली असू शकते. शब्द वापरायचेच तर एकाच वस्तूची अनेक नावे वापरावीत. जपानी पेटंटांच्या यांत्रिक भाषांतरात स्कॅन करायचा कागद ‘मॅन्युस्क्रिप्ट’ म्हणून येतो, जुन्या अमेरिकन पेटंटांत तो ‘ओरिजिनल’ किंवा ‘शीट’ असतो, आणि अलीकडील स्कॅनरच्या अनेक पेटंटांत ‘मीडियम’. हे माहीत नसेल तर नेमके सर्वांत जवळचे पेटंट नजरेतून निसटते आणि मग ते परीक्षकाच्या अहवालात भेटते.

शोधासाठी भारतीय पेटंट कार्यालयाचे इनपास, युरोपीय कार्यालयाचे एस्पेसनेट, जपानचे जे-प्लॅटपॅट आणि गूगल पेटंट्स ही सर्व साधने विनामूल्य आहेत. एक गोष्ट येथे स्पष्ट असावी: जपानमधील पेटंट भारतात दाखल झालेले नसेल तर येथे ते कोणाला उत्पादन करण्यापासून अडवू शकत नाही, तरीही ते प्रायर आर्ट, म्हणजे आधीच प्रसिद्ध असलेले ज्ञान, म्हणून पूर्ण वजनाने मोजले जाते, कारण जगात कोठेही झालेली पूर्वप्रसिद्धी नावीन्य घालवते.

स्पेसिफिकेशन आणि क्लेम: येथेच वेळ द्यावा

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हे समजावून घेऊ, कारण यांत्रिक अर्जाची सारी मेख बारकाव्यात असते.

फीडरमध्ये पान वेगळे होते ते घर्षणाच्या क्रमामुळे. रोलर आणि कागद यांच्यातील घर्षण सर्वांत जास्त, सेपरेशन पॅड आणि कागद यांच्यातील त्याहून कमी, आणि कागद-कागदातील सर्वांत कमी असावे लागते. हा क्रम टिकला की वरचे पान रोलरबरोबर पुढे जाते आणि खालचे पॅडवर थांबते. दमट हवेत कागद-कागदातील घर्षण वाढते, रोलरवर कागदाची धूळ बसली की रोलरची पकड कमी होते, आणि क्रम बिघडतो. जड कामाच्या यंत्रांत पॅडच्या जागी उलट फिरू पाहणारा रिटार्ड रोलर आणि त्याला टॉर्क लिमिटर, म्हणजे ठरावीक जोरापलीकडे घसरणारा जोड, असतो. एकच पान असेल तर लिमिटर घसरतो आणि रिटार्ड रोलर पानाबरोबर पुढे फिरतो, पण दोन पाने आली की घसरण पानांच्या मध्येच होते, लिमिटरपर्यंत पुरेसा जोर पोचत नाही आणि खालचे पान मागे ढकलले जाते.

आता समजा, भोसरीतील एका कारखान्याने पॅडच्या साध्या फीडरमध्ये सुधारणा केली. फोटो चिकटवलेले जाड पान आले की ते पॅडला खाली दाबते, पॅडखालची स्प्रिंग अधिक दबते, दाब वाढतो आणि फोटोची कड पॅडला अडकते. यावर उपाय म्हणून पॅडच्या अलीकडे एक छोटा स्पर्श-रोलर बसवला. पान जाड असेल तर तो वर उचलला जातो, ती हालचाल लिव्हरने मोठी करून स्प्रिंगच्या सरकत्या बैठकीपर्यंत नेली जाते, बैठक खाली सरकते आणि पॅडचा दाब वाढत नाही. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु दोन साधी पाने एकदम आली तरी स्पर्श-रोलर उचलला जाणारच, पॅड ढिला होणार आणि नेमकी दोन पाने रोखायची त्या क्षणी दोन्ही आत जाणार! म्हणून कारागिराने लिव्हरच्या खिळीसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवली. ८० जीएसएमचे पान सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते, तेव्हा दोन पानांची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर होते. खाचेतील मोकळीक त्याहून थोडी जास्त ठेवली की दोन साध्या पानांनी बैठक हलत नाही आणि फोटोच्या पानाने मात्र हलते.

ही खाच हाच या शोधाचा गाभा आहे, आणि अर्ज लिहिताना हीच गळण्याची भीती सर्वांत जास्त असते, कारण बनवणाऱ्याच्या हाताला ती किरकोळ वाटते. म्हणून शोधकर्त्याकडून माहिती घेताना प्रत्येक भागाबद्दल विचारावे: हा काढला तर काय बिघडते? हा दुसऱ्या आकाराचा का नाही? पहिल्या नमुन्यात काय वेगळे होते आणि ते का बदलले? कार्यशाळेत टाकून दिलेले जुने नमुने पाहायला मागावेत, कारण त्यांत उत्तरे असतात.

मिळालेल्या उत्तरांतून क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य, बांधावा. ‘पिकअप रोलर, सेपरेशन पॅड, स्प्रिंग, स्पर्श-रोलर आणि लिव्हर असलेला कागद पुरवणारा संच’ असा क्लेम लिहिला, तर कलम ३(च), म्हणजे इंग्रजी पाठातील ३(एफ), याचा आक्षेप हमखास ओढवून घेतला जातो. त्या कलमानुसार ज्ञात साधनांची अशी निव्वळ मांडणी किंवा फेरमांडणी, जिच्यात प्रत्येक साधन आपापल्या परीने ज्ञात पद्धतीनेच चालते, ती शोध ठरत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘…ज्यात स्पर्श-रोलरचा हात लिव्हरच्या लहान भुजेला आणि स्प्रिंगची सरकती बैठक मोठ्या भुजेला जोडलेली असून, त्यांपैकी किमान एक जोड लांबट खाचेतून केलेला आहे, आणि त्या खाचेची मोकळीक अशी आहे, की ठरावीक जाडीपर्यंत बैठक स्थिर राहते व त्यापलीकडच्या जाडीला बैठक पॅडपासून दूर सरकते.’ येथे एका भागाची हालचाल दुसऱ्यावर काय परिणाम करते हे क्लेममध्येच दिसते, आणि ३(च) ला उत्तर तेथेच मिळते.

वर्णनात आकड्यांना कंजूषी करू नये. स्पर्श-रोलर आणि पॅड यांच्यातील अंतर, लिव्हरच्या भुजांचे प्रमाण, स्प्रिंगचा दाब, खाचेची मोकळीक, यांच्या मर्यादा आणि त्यांतली पसंतीची मूल्ये द्यावीत. अंतर फार ठेवले तर पॅड वेळेआधी ढिला होतो, फार कमी ठेवले तर फोटोची कड पॅडला आधीच भिडते. हा कार्यकारणभाव शब्दांत मांडावा. खाच असलेल्या आणि नसलेल्या रचनेची तुलनात्मक चाचणी कोरड्या व दमट कागदावर घेऊन तिचे खरे निकाल तक्त्यात द्यावेत. कलम १० नुसार अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणे बंधनकारकच आहे. आकृत्यांत पॅड दबलेला आणि ढिला, अशा दोन्ही स्थिती दाखवाव्यात, आणि प्रत्येक भागाचा क्रमांक सर्व आकृत्यांत तोच ठेवावा. फीडरमध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि नियंत्रणाचा प्रोग्राम असेल, तर सेन्सर कोठे बसतो आणि त्याच्या इशाऱ्याने कोणता यांत्रिक भाग हलतो हे क्लेममध्ये आणावे, नाहीतर संगणक प्रोग्रामसंबंधीचे कलम ३(ट), इंग्रजीतील ३(के), पुढे केले जाते.

कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावी लागतात, मराठीत चालत नाहीत. पण शोधकर्ता मराठीत विचार करत असेल तर पहिला मसुदा खुशाल मराठीत लिहून घ्यावा. कारागीर जे मराठीत अचूक सांगतो ते मोडक्या इंग्रजीत हरवते, आणि ते हरवणे परवडत नाही.

दाखल करणे

महाराष्ट्रातील अर्जदारासाठी मुंबईचे, अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालय आहे. अर्ज ऑनलाइन दाखल होतो. फॉर्म १ अर्जासाठी, फॉर्म २ स्पेसिफिकेशनसाठी, फॉर्म ३ परदेशी अर्जांच्या माहितीसाठी आणि फॉर्म ५ शोधकर्त्यांच्या घोषणेसाठी असतो. लहान उद्योगाने फॉर्म २८ बरोबर उद्यम नोंदणी जोडली की शुल्क सवलतीच्या दराने लागते: ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये. मूळ शुल्कात ३० पाने आणि १० क्लेम येतात. तात्पुरते स्पेसिफिकेशन दाखल केले असेल तर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावे लागते; दरम्यान सुचलेल्या सुधारणा तेव्हा घालता येतात, मात्र त्यांची प्राधान्य तारीख, म्हणजे नावीन्य ज्या तारखेच्या आधारे तपासले जाते ती, नंतरची धरली जाते. त्याच यंत्राचा अर्ज परदेशात करायचा असेल तर भारतात दाखल केल्यापासून ६ आठवडे थांबावे किंवा कलम ३९ खाली आधी परवानगी घ्यावी.

अर्ज दाखल झाला म्हणजे परीक्षण आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ ने स्वतंत्र विनंती करावी लागते, आणि १५ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार, त्या तारखेपासून दाखल झालेल्या अर्जांना ही मुदत ४८ ऐवजी ३१ महिन्यांची आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते. स्टार्टअप, लहान उद्योग आणि महिला अर्जदार यांना फॉर्म १८ए ने जलद परीक्षण मागता येते. बाजारात नक्कल लवकर होण्याची भीती असेल, तर लहान कारखान्याने हा मार्ग निश्चित घ्यावा.

प्रथम परीक्षण अहवाल आल्यावर

अहवाल परीक्षक तयार करतो, निर्णय कंट्रोलर हा पेटंट कार्यालयातील अधिकारी देतो. उत्तराला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने मिळतात आणि मुदत संपण्यापूर्वी मागितल्यास ३ महिन्यांची वाढ मिळते. उत्तरच दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे समजले जाते. परदेशात अर्ज केलेला असेल तर अद्ययावत फॉर्म ३ साठी वेगळी मुदत आहे, अहवालापासून ३ महिने, आणि ती उत्तराच्या ६ महिन्यांच्या गडबडीत विसरू नये.

अहवाल वाचताना आक्षेपांच्या यादीआधी उद्धृत केलेली पेटंटे मुळातून, आकृत्यांसह वाचावीत. आपल्या उदाहरणात परीक्षक बहुधा दोन जुनी पेटंटे पुढे ठेवील: पहिल्यात स्प्रिंगवरचा सेपरेशन पॅड, दुसऱ्यात नोटा मोजण्याच्या यंत्रातील जाडी ओळखणारा लिव्हर, आणि दोन्ही जोडले तर अर्जदाराची रचना मिळते, असे म्हणेल. एकाही पेटंटात सर्व भाग एकत्र नसतील तर नावीन्याचा आक्षेप उरत नाही, पण कल्पकतेचा, म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, उरतो. त्याला ‘आमची रचना सोपी, स्वस्त आणि टिकाऊ आहे’ असे उत्तर देणे व्यर्थ आहे. उत्तर असे हवे: पहिल्या पेटंटात दाब वाढण्याची अडचण ओळखलेलीच नाही, दुसऱ्यातील लिव्हर पहिल्यात जसाच्या तसा घातला तर दोन पानांवर पॅड ढिला होऊन डबल फीड वाढेल, म्हणून कुशल तंत्रज्ञ त्या वाटेला जाणार नाही, खाचेतील मोकळीक ही अडचण सोडवते, ती दोन्हींपैकी कोठेही नाही, आणि तिचा परिणाम वर्णनातील अमुक परिच्छेदात व तक्त्यात दाखवलेला आहे. परिच्छेदाचा आणि तक्त्याचा क्रमांक उत्तरात लिहावाच.

या आक्षेपाची पार्श्वभूमी म्हणून बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल प्रत्येक यांत्रिक शोधकर्त्याने समजून घ्यावा. लेथवर भांडी कातताना ती धरून ठेवण्याच्या साधनाबद्दलचा तो वाद होता, आणि कार्यशाळेत कोणताही कुशल कारागीर सहज करील अशी सुधारणा पेटंटला पुरत नाही, या भूमिकेतून न्यायालयाने ते पेटंट टिकवले नाही. आपली खाच त्या सीमेच्या कोणत्या बाजूला पडते हे ठरते ते तिच्यामागची अडचण उघड होती की नव्हती, यावर.

खाच केवळ वर्णनात किंवा एखाद्या अवलंबी, म्हणजे मुख्य क्लेमवर आधारलेल्या, क्लेममध्ये असेल, तर ती मुख्य क्लेममध्ये ओढून क्लेम अरुंद करता येतो. मूळ कागदांत तिचा मागमूस नसेल तर मार्ग बंद होतो, कारण कलम ५९ नुसार दुरुस्तीतून नवा मजकूर आणता येत नाही आणि सुधारलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या व्याप्तीत पूर्णपणे बसावा लागतो. नंतर केलेल्या सुधारणेसाठी कलम ५४ खालील जोड-पेटंट, आणि एकाच अर्जात दोन स्वतंत्र शोध आल्याचा आक्षेप असेल, म्हणजे फीडर आणि झाकणाची बिजागरी एकत्र मांडली असेल, तर कलम १६ खालील विभाजित अर्ज, हे मार्ग आहेत.

उत्तराने कंट्रोलरचे समाधान झाले नाही तर सुनावणी होते, ती साधारणपणे व्हिडिओ कॉन्फरन्सने. शक्य असेल तर शोधकर्त्याने नमुना घेऊन स्वतः बसावे आणि जाड पान व दोन साधी पाने एकामागोमाग घालून दाखवावीत. वकिली भाषेच्या दहा पानांपेक्षा हे लवकर पटते. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते, आणि त्यात सुनावणीच्या नोटिशीतील प्रत्येक मुद्द्याला, किरकोळ वाटणाऱ्यालाही, उत्तर असावे. अर्ज नाकारला गेला तर ३ महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मंजूर झाला तर साठलेली नूतनीकरण शुल्के नोंदणीपासून ३ महिन्यांत भरावी लागतात. ती तिसऱ्या वर्षापासूनची एकदम मोजली जातात, तेव्हा कारखान्याच्या हिशेबात त्यांची तरतूद अर्ज करतानाच करून ठेवावी.